३३/११ केव्ही स्टेशनातल्या घड्याळांचा मेळ : जीपीएस, एनटीपी की पीटीपी?

एमयुएसएस_खानापूर

मंडळी, या विषयावर मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून धागा काढला. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी भागात हेस्कॉम (वीज वितरण) आणि केपीटीसीएल (वीज पारेषण) या कर्नाटकातल्या कंपन्यांच्या कामावर, रिले टेस्टिंगला किंवा साखर कारखान्यांच्या को-जनमध्ये, म्हणजे वीजनिर्मितीत, असलेले जाणते लोक इथे आहेत. त्यांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

नमुन्यादाखल एक एमयुएसएस, म्हणजे ३३ केव्हीचं ११ केव्ही करणारं सबस्टेशन, धरूया. ३३ केव्हीच्या दोन लाईन, दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीचे आठ फीडर. फीडरांत चार आयपी सेटचे (शेतीपंपांचे), तीन गावठाणाचे, एक पाणीपुरवठ्याचा. प्रत्येकी एक असे बारा न्यूमेरिकल रिले, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारी आणि वेळेसह नोंद ठेवणारी यंत्रं. पाच जुने, त्यांना फक्त आयरिग-बीचं (तारेवरून वेळ पाठवणाऱ्या सिग्नलचं) पोर्ट. सात नवे, त्यांना इथरनेट. एक आरटीयू (स्टेशनची माहिती गोळा करून पाठवणारं यंत्र), तो १०४ प्रोटोकॉलवर कंट्रोल सेंटरशी बोलतो. स्टेशनात सामाईक घड्याळ नाही. कमिशनिंगच्या दिवशी लॅपटॉपवरून वेळ भरली, तेवढीच.

पावसात झाडाची फांदी ११ केव्हीवर पडली. फीडर ट्रिप झाला आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरचा इनकमरही (फीडरांना वीज देणारा मुख्य ब्रेकर). फीडरचा ब्रेकर उशिरा उघडला की इनकमरचं सेटिंग चुकलंय, हे ठरवायचं आहे. दोघांतलं ग्रेडिंगचं अंतर, म्हणजे फीडरने आधी आणि इनकमरने नंतर उघडावं म्हणून ठेवलेला वेळ, ०.३ सेकंद, आणि दोन रिलेंच्या घड्याळांत फरक ४ सेकंदांचा. नोंद पाहिली तर इनकमर आधी उघडल्यासारखा दिसतो. अशा नोंदीवरून निष्कर्ष काय काढायचा?

प्रश्न असे. नेमकी किती अचूकता हवी? कुठली पद्धत घ्यावी? आणि बसवल्यावर वेळ खरोखर जुळली हे सिद्ध कसं करायचं?

रिले_बेंच

आधी गरज ठरवा, मग पद्धत. उलट केलं की पैसे जातात आणि मेळही बसत नाही.

आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. ग्रेडिंग तपासायला दोन रिलेंतला फरक अर्ध्या सायकलच्या, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या आत आला तरी काम होतं. घटनांचा क्रम लावायला १ मिलिसेकंद धरतात. सिंक्रोफेजर, म्हणजे व्होल्टेज-करंटचा आकार आणि वेळेशी बांधलेला कोन, मोजणाऱ्या पीएमयू या यंत्राला एकूण चूक १ टक्क्याच्या आत ठेवायची असते. ती सगळी चूक वेळेच्या खात्यात टाकली तर ०.५७ अंश, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ३१.८ मायक्रोसेकंद. प्रत्यक्षात सीटी-पीटीच्या (करंट आणि व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरच्या) चुकाही त्यातच बसवायच्या असतात, म्हणून तिथे १ मायक्रोसेकंद मागतात. मर्जिंग युनिट (मोजमाप आकड्यांत बदलणारं यंत्र) आणि प्रोसेस बस (ते आकडे रिलेंपर्यंत नेणारं नेटवर्क) असेल तरीही १ मायक्रोसेकंद. दोन्ही टोकांना ट्रॅव्हलिंग वेव्ह पकडून लाईनवरचा फॉल्ट शोधणाऱ्या यंत्राला १ मायक्रोसेकंदाची चूक सुमारे १५० मीटरला पडते.

तुमच्या एमयुएसएसला यातलं १ मिलिसेकंदाचंच काम आहे.

आता घड्याळ वाहतं का, ते. रिलेतलं स्वतःचं घड्याळ ३२.७६८ किलोहर्ट्झच्या छोट्या क्रिस्टलवर चालतं. २० पीपीएमची (दहा लाखांत २०) चूक म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, आठवड्याला १२. वर उन्हाळ्याची भर. हा क्रिस्टल साधारण २५ अंशांना सर्वांत वेगात असतो. त्याच्या वर जा की खाली, तो मंदच होतो, आणि तो मंदपणा तापमानातल्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ०.०३४ पीपीएम गुणिले फरकाचा वर्ग. अथणीकडे एप्रिलमध्ये यार्डातल्या किऑस्कच्या आत ५५ अंश झाले तर फरक ३०, वर्ग ९००, म्हणजे सुमारे ३० पीपीएम. दिवसाला अडीच सेकंद मागे. कंट्रोल रूममधला रिले आणि यार्डातला रिले एकाच दिवशी लावले तरी महिन्याभरात मिनिटभर फाटतात, ते यामुळे. रिले खराब असतो असं नाही.

सीमाभाग_स्काडा

सात नव्या रिलेंना आणि आरटीयूला एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) द्या. स्टेशनातच एक जीपीएस घड्याळ बसवा, ते स्ट्रॅटम १, म्हणजे थेट मूळ वेळेशी जोडलेला, सर्व्हर म्हणून लॅनवर वेळ देईल. स्टेशनच्या लॅनवर एनटीपीने १ मिलिसेकंदाच्या आसपास राहता येतं, पण सेटिंगकडे लक्ष हवं.

बहुतेक रिले पूर्ण एनटीपी चालवत नाहीत, एसएनटीपी चालवतात. म्हणजे ठरावीक काळाने वेळ विचारायची आणि घड्याळ तिथे नेऊन ठेवायचं, मधल्या काळात क्रिस्टलच्या भरवशावर. दर ६४ सेकंदांनी विचारलं तर २० पीपीएमने मधे १.३ मिलिसेकंद वाहतं. काही रिलेंत फॅक्टरी सेटिंग तासाचं असतं, तिथे तेच ७२ मिलिसेकंद होतात. बरेच जण सर्व्हरचा पत्ता भरतात आणि हा आकडा उघडूनही बघत नाहीत.

रिलेत दोन सर्व्हरचे पत्ते भरता येतात. पण एसएनटीपीवाला रिले दोघांची तुलना करत नाही. पहिला बोलत नसेल तरच दुसऱ्याकडे जातो. पहिला जिवंत आहे पण चुकीची वेळ देतोय, तर रिले मुकाट्याने तीच घेणार. तुलना करून खोटं घड्याळ ओळखण्याचं काम पूर्ण एनटीपी चालवणारा गेटवे किंवा आरटीयू करू शकतो. त्यासाठी त्याला किमान तीन स्रोत लागतात. दोनात भांडण झालं तर खरा कोण हे ठरत नाही.

कंट्रोल सेंटरहून मोबाईल नेटवर्कवर एनटीपी आणून रिलेंना देऊ नका. एनटीपीचं गृहीतक असं की निरोपाला जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. तसं नसेल तर चूक जास्तीत जास्त एकूण फेरीच्या निम्मी होते. मोडेमवर फेरी ६०० मिलिसेकंदांची असेल तर चूक ३०० पर्यंत जाऊ शकते. म्हणजे तुमचं ग्रेडिंगचं अंतर जेवढं, तेवढीच घड्याळाची चूक. लाईनवरच्या आरएमयूला (स्विचच्या पेटीला), फॉल्ट पॅसेज इंडिकेटरला (फॉल्ट इथून गेला का ते दाखवणाऱ्या यंत्राला) तेवढ्यावर चालतं. रिलेंना नाही.

तांब्याची_तार

जुन्या पाच रिलेंसाठी आयरिग-बी. नव्या लोकांना हे जुनाट वाटतं, पण नीट ओढलं तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

सेकंदाला १०० पल्स, प्रत्येकाची जागा १० मिलिसेकंदांची. २ मिलिसेकंद उंच राहिला तर शून्य, ५ राहिला तर एक, ८ राहिला तर खूण. एका सेकंदाच्या चौकटीत सेकंद, मिनिट, तास आणि वर्षातला कितवा दिवस एवढं येतं. प्रकार दोन: सरळ डीसी पल्सचा आणि १ किलोहर्ट्झवर चढवलेला मॉड्युलेटेड. डीसीचा रिले मॉड्युलेटेड सिग्नल वाचत नाही. ऑर्डर देताना दोन्हीकडे एकच प्रकार आहे का बघून घ्या की, हे इतकं साधं असून चुकतं.

ओढण्याची रीत सांगतो. ट्विस्टेड पेअर, शील्ड असलेली. एका रिलेवरून पुढच्या रिलेवर अशी एकच ओळ, मधे फाटे नाहीत. टर्मिनेशनचा रेझिस्टर फक्त शेवटच्या रिलेवर, त्याची किंमत घड्याळाच्या पुस्तकात दिलेली. शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला, घड्याळाच्या बाजूला. प्लस-मायनस उलटं झालं तर रिले लॉकच होत नाही, सिग्नल मीटरवर मात्र दिसत राहतो. म्हणून लॉक नसेल तर आधी दोन तारा उलटून बघा.

लोड मोजा. घड्याळाचं एक आउटपुट १५० मिलिअँपिअर देत असेल आणि रिले प्रत्येकी १० घेत असेल तर कागदावर पंधरा रिले. प्रत्यक्षात दहाच्या वर जाऊ नका. लोड जास्त झाला की पल्सची उंची उतरते. मग शेवटचे दोन रिले दिवसा लॉक आणि रात्री अनलॉक असं काहीतरी करत बसतात, आणि शोधणारा रिले बदलत बसतो.

यार्डातल्या किऑस्कपर्यंत तांबं नेऊ नका. फॉल्टच्या वेळी यार्डाची अर्थ आणि कंट्रोल रूमची अर्थ यांच्यात व्होल्टेज चढतं, ते या तारेतून रिलेच्या पोर्टवर जातं. तिथे फायबर.

घटप्रभा_काठ

एक शंका. सगळीकडे आता पीटीपी म्हणतात. टेंडरमध्येही येतंय. मग आयरिग-बीची वेगळी तार आणि एनटीपी असा दुहेरी घाट कशाला? सगळ्यांना पीटीपीच द्यावं की.

फायबर_आणि_पॅकेट

पीटीपी म्हणजे आयईईई १५८८, नेटवर्कवरूनच पण एनटीपीपेक्षा कितीतरी अचूक वेळ जुळवण्याचं मानक. पहिली आवृत्ती २००२ ची, सध्या वापरात दिसते ती बहुतेक २००८ ची, नवी २०१९ ची. वीज क्षेत्रासाठी २०१६ पासून आयईसी-आयईईई ६१८५०-९-३ हा प्रोफाइल, म्हणजे ठरवून दिलेल्या सेटिंगचा संच, आहे. त्याचं गणित सुरेख आहे. मुख्य घड्याळाला २५० नॅनोसेकंदांची मुभा, प्रत्येक ट्रान्सपरंट क्लॉकला, म्हणजे पीटीपी समजणाऱ्या स्विचला ५०, बाउंडरी क्लॉकला (स्वतः वेळ घेऊन पुढे देणाऱ्या स्विचला) २००. त्यामुळे पंधरा स्विच पार करूनही शेवटी १ मायक्रोसेकंदात बसतं.

पण "पीटीपी समजणाऱ्या" हे शब्द सोडून चालत नाही. साध्या स्विचमध्ये काय होतं बघा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर पूर्ण आकाराची एक फ्रेम बाहेर पडायला सुमारे १२३ मायक्रोसेकंद लागतात. वेळेचं पॅकेट तिच्या मागे अडकलं तर तेवढा उशीर. त्याला वरची प्रायॉरिटी दिली तरी तारेवर चढलेली फ्रेम अर्ध्यात थांबत नाही. ट्रान्सपरंट क्लॉक हा थांबलेला वेळ मोजतो आणि पॅकेटच्या करेक्शनच्या रकान्यात लिहितो. साधा स्विच लिहीत नाही. एकच असा स्विच मधे आला की मायक्रोसेकंदाची गोष्ट संपली.

बहुतेक वेळा तिथपर्यंतही जात नाही. या प्रोफाइलमध्ये प्रत्येक शेजारी आपल्या शेजाऱ्यापर्यंतचा उशीर मोजतो, पी-डिलेच्या निरोपांनी. ते ज्या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात तो पत्ता साधा स्विच पुढे पाठवत नाही, त्याच्यासाठी ते एका दुव्यापुरतं असतं. सिंकचे, म्हणजे वेळ देणारे, निरोप मात्र पुढे जातात. मग स्क्रीनवर मुख्य घड्याळ दिसतं, अनाउन्स (घड्याळाची ओळख सांगणारा निरोप) येतो, आणि रिले काही केल्या लॉक होत नाही. हे लक्षण दिसलं की दोघांच्या मधला स्विच शोधा. भिंतीवरच्या बॉक्समध्ये विसरलेला एखादा मीडिया कन्व्हर्टरही असं करू शकतो.

दुसरी अडचण डोमेन नंबरची, म्हणजे एकमेकांचं ऐकणाऱ्या यंत्रांच्या गटाच्या क्रमांकाची. आयईईईच्या सी३७.२३८ प्रोफाइलची २०१७ ची आवृत्ती २५४ डोमेन धरते, काही यंत्रं शून्यावर येतात. दोन्हीकडे नंबर एक नसेल तर एकमेकांचं ऐकतच नाहीत. कमिशनिंगला पहिलं हे जुळवा.

फायबरच्या लांबीची लोक उगाच काळजी करतात. फायबरमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद. लांबी मोजून वजा होते, उरतो तो जाणारा आणि येणारा यांच्यातला फरक, आणि त्याचीही निम्मीच चूक. दोन पॅचकॉर्डमध्ये १० मीटरचा फरक असला तरी चूक २५ नॅनोसेकंद. सोडून द्या.

रिले_बेंच

घटप्रभा_काठ, वरचं सगळं बरोबर, तरी या स्टेशनासाठी माझं मत एनटीपी अधिक आयरिग-बी असंच आहे. पाच जुन्या रिलेंना पीटीपी देताच येत नाही. म्हणजे तार ओढायचीच आहे. नव्या सातांपैकी पीटीपी हार्डवेअर स्टॅम्पिंग (पॅकेटवर वेळेचा शिक्का हार्डवेअरने मारणं) किती जणांत आहे ते बघा. सॉफ्टवेअरने पीटीपी चालवणारा रिले एनटीपीपेक्षा फारसा पुढे जात नाही. आणि स्विच बदलायचे पैसे वेगळे.

२२० केव्हीच्या स्टेशनात प्रोसेस बस येणार असेल तर पीटीपीशिवाय इलाज नाही. तिथे सेकंदाला ४,००० सॅम्पल येतात, दर २५० मायक्रोसेकंदांनी एक. दोन मर्जिंग युनिटच्या घड्याळांत ५५ मायक्रोसेकंदांचा फरक पडला की एक अंशाचा कोन उभा राहतो आणि डिफरेन्शियल रिलेला तो खरा करंट वाटतो.

फायबर_आणि_पॅकेट

मान्य, एका अटीवर. आज स्विच घ्यायचेच असतील तर पीटीपी समजणारे घ्या. स्विच पंधरा वर्षं भिंतीवर राहतात. तुमचा मुद्दा रिलेंचा आहे, माझा स्विचचा.

सीमाभाग_स्काडा

वेळ चुकली की किती चुकली हे आधी बघा. आकडाच रोग सांगतो.

बरोबर साडेपाच तास मागे: यंत्र यूटीसी (जागतिक वेळ) दाखवतंय, टाइम झोन भरलेला नाही. बरोबर साडेपाच तास पुढे: घड्याळ आधीच भारतीय वेळ देतंय आणि रिलेने पुन्हा साडेपाच मिळवले. दोन्ही टोकांना झोन भरल्याचं हे हमखास लक्षण. एनटीपी आणि पीटीपीवर नेहमी जागतिक वेळच जाऊ द्या, साडेपाच तास फक्त रिलेत मिळवा. आयरिग-बीवर उलट, तिथे घड्याळ सहसा स्थानिक वेळ पाठवतं, मग रिलेत झोन शून्य. एकाच स्टेशनात दोन्ही पद्धती असल्या की इथेच घोळ होतो. पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.

३७ सेकंद पुढे: पीटीपीची वेळ टीएआयमध्ये (आंतरराष्ट्रीय अणुवेळेत) असते, ती यूटीसीपेक्षा १ जानेवारी २०१७ पासून ३७ सेकंद पुढे आहे. मुख्य घड्याळाने हा फरक पाठवला नाही किंवा रिलेने तो वजा केला नाही.

१८ सेकंद पुढे: जीपीएसची स्वतःची वेळ. रिसीव्हर थंड चालू झाल्यावर उपग्रहाकडून हा फरक मिळेपर्यंत १२.५ मिनिटं लागू शकतात. तोवर चांगलं घड्याळ कुणाला वेळ देत नाही, साधं घड्याळ देऊन मोकळं होतं. ब्रेकडाउननंतर स्टेशनची डीसी परत आल्यावर पहिल्या दहा मिनिटांच्या नोंदी १८ सेकंदांनी सरकलेल्या दिसल्या तर कारण हेच.

१९ वर्षं सात महिने मागे: जीपीएसचा आठवडा १० बिटांत मोजतात, १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. शेवटचं वळण ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झालं. जुन्या रिसीव्हरचं फर्मवेअर बदलल्याशिवाय हे सुटत नाही.

आणि वेळ पुढे-मागे उड्या मारत असेल तर दोन मालक आहेत. आरटीयूला जीपीएस घड्याळ एनटीपीने वेळ देतंय आणि कंट्रोल सेंटरचा मास्टर १०४ च्या टाइप १०३ (घड्याळ जुळवण्याच्या) आज्ञेनेही देतोय. मास्टरची आज्ञा रस्त्यातल्या उशिरासकट येते. आरटीयूत ती आज्ञा न मानण्याचं सेटिंग करा. त्याच बैठकीत टाइम टॅगमधला अवैधतेचा बिट सुरू आहे का तेही बघा. घड्याळ सुटलं तर आरटीयूने प्रत्येक नोंदीवर तो लावायला हवा आणि मास्टरच्या यादीत तो दिसायला हवा. चुकीच्या वेळेपेक्षा "ही वेळ खात्रीची नाही" असं सांगणारी नोंद कितीतरी मोलाची.

स्विचयार्ड

अँटेनाबद्दल कुणीच बोललं नाही. खानापूर भागात अर्धा त्रास तिथेच.

जागा कंट्रोल रूमच्या छतावर, चारही बाजूंना आकाश मोकळं. आपला अक्षांश साधारण १६ अंश उत्तर, उपग्रह डोक्यावरून जातात. फक्त उत्तरेला क्षितिजाजवळ आकाश रिकामं असतं, तेव्हा एखादी भिंत येणारच असेल तर ती उत्तरेला येऊ द्या. फणसाच्या किंवा आंब्याच्या छायेत लावू नका. पानं ओली झाली की सिग्नल गळतो. मेमध्ये उत्तम चालणारं घड्याळ जुलैत अनलॉक होतं ते असं.

छतावरच्या सर्वांत उंच पाईपवर अँटेना नको. वळवाच्या पावसात वीज सगळ्यात उंच टोक शोधते. लाइटनिंग मास्टच्या संरक्षणाच्या कोनात, पण त्याला चिकटून नाही. केबल खोलीत शिरते तिथे कोअॅक्सियल सर्ज अरेस्टर, आणि त्याची अर्थ जाड आणि आखूड, स्टेशनच्या मॅटला.

केबल: ३० मीटर आरजी-५८ मध्ये जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ २० डीबी जातात, तितक्याच एलएमआर-४०० मध्ये ५ च्या आसपास. लांब अंतराला जाड केबलच. कनेक्टरवर सेल्फ अमलगमेटिंग टेप, त्यावर उन्हापासून वाचवणारी साधी टेप. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. एन कनेक्टरमध्ये पाणी गेलं की घड्याळ एकदम मरत नाही, उपग्रहांची संख्या नऊवरून चारवर, मग तीनवर येते. म्हणून महिन्याच्या तपासणीत लॉक आहे की नाही एवढं न लिहिता उपग्रहांची संख्या लिहा.

नवं घड्याळ नाविकही (भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली) घेतं म्हणून घेतलंत आणि जुनीच अँटेना ठेवलीत तर नाविक दिसणार नाही. नाविकचे आधीचे उपग्रह एल५ वर, ११७६.४५ मेगाहर्ट्झला बोलतात, जुनी अँटेना फक्त एल१ ची, १५७५.४२ ची असते. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ वरही सिग्नल आहे.

घटप्रभा_काठ

केबल लांब असली तर वेळ उशिरा पोचून चुकत नाही का? तीस मीटर म्हणजे बरंच.

स्विचयार्ड

आरजी-५८ मध्ये मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद. तीस मीटरला १५० नॅनोसेकंद. मिलिसेकंदाच्या कामात त्याचा मागमूस लागत नाही. पीटीपीचं मुख्य घड्याळ असेल तर मात्र हा उशीर त्याच्या सेटिंगमध्ये भरा, कारण २५० नॅनोसेकंदांतले १५० केबलच खाऊन टाकेल.

मीटर_विभाग

को-जनवाल्यांसाठी थोडं. चिकोडी, अथणी, गोकाक बाजूला कारखाने गळीत हंगामात वीज बाहेर देतात. हिशेब १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये, दिवसाला ९६. मीटरचं घड्याळ दोन मिनिटं चुकलं तर काय? १० मेगावॅट सलग देत असाल तर काहीच नाही, एका ब्लॉकमधून गेलेलं दुसऱ्यातून येतं. पण टर्बाइन चालू किंवा बंद होताना, किंवा ट्रिप झाल्यावर, दोन मिनिटांचे ३३३ युनिट चुकीच्या ब्लॉकमध्ये पडतात. मग शेड्यूलशी जुळत नाही आणि वाद होतो.

मीटरची वेळ दुरुस्त करताना ब्लॉकची सीमा ओलांडू नका. १०:१४:३० ला असलेलं घड्याळ १०:१५:४० ला नेलं तर मीटरच्या दृष्टीने सीमा आलीच नाही, किंवा तो ब्लॉक तुटका झाला. दुरुस्ती ब्लॉकच्या मध्यावर, १०:०७ च्या सुमाराला करा.

हुक्केरी तालुक्यात वितरण ग्रामीण विद्युत सहकारी संघाकडे आहे, भोवती हेस्कॉम, आणि निपाणीच्या पलीकडे महावितरण. जिथे दोन संस्थांच्या नोंदी समोरासमोर ठेवाव्या लागतात तिथे "आमच्या स्टेशनात सगळं जुळलेलं आहे" एवढं पुरत नाही. दोघांची वेळ यूटीसीशी जोडलेली हवी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा तिच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे.

एमयुएसएस_खानापूर

खूप मोलाचं मिळालं. आता शेवटचा प्रश्न. "लॉक" असा हिरवा दिवा सगळीकडे आला. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

रिले_बेंच

नाही. दिवा सांगतो की रिलेला सिग्नल मिळतोय. वेळ बरोबर आहे हे तो सांगत नाही. तीन चाचण्या करा.

पहिली, एकच पल्स सगळ्यांना. बाराही रिलेंतला एकेक रिकामा बायनरी इनपुट समांतर जोडा, स्टेशन डीसीवर, एका पुश बटनातून. आधी प्रत्येकाचं इनपुट व्होल्टेज आणि ध्रुवता पुस्तकात बघा. बटन दाबा, बारा रिलेंच्या नोंदी काढा, एका कागदावर मांडा. सगळ्या २ ते ५ मिलिसेकंदांत आल्या तर उत्तम. एखादा २० ने मागे असेल तर लगेच घड्याळाला दोष देऊ नका. इनपुटचा डिबाउन्स फिल्टर (कॉन्टॅक्टची क्षणिक थरथर गाळणारा) बघा. काही रिले फिल्टर संपल्यावरची वेळ लिहितात, काही सुरुवातीची. सगळीकडे एकच मूल्य ठेवा, मग पुन्हा चाचणी.

दुसरी, खऱ्या वेळेशी. पहिल्या चाचणीत सगळे मिळून साडेपाच तास चुकले असले तरी पास होतात. बऱ्याच जीपीएस घड्याळांना दर मिनिटाला बंद होणारा कॉन्टॅक्ट असतो. तो बटनाच्या जागी जोडा. नोंद प्रत्येक वेळी मिनिटाच्या शून्य सेकंदाला, शून्य मिलिसेकंदाच्या जवळ पडली पाहिजे. कॉन्टॅक्ट रिलेचा असेल तर त्याचे ५ ते १० मिलिसेकंद धरून चाला, ऑप्टो आउटपुट असेल तर नाही. तासभर चालू ठेवा, साठ नोंदी मिळतात. मग एसएनटीपीचा करवतीसारखा चढउतार डोळ्यांनी दिसतो.

तिसरी, अँटेना काढून. आणि ही बहुतेक जण करतच नाहीत. केबल सोडा आणि बघत राहा. घड्याळ होल्डओव्हरमध्ये, म्हणजे उपग्रहाविना स्वतःच्या भरवशावर, जातं. २४ तासांत १ मिलिसेकंदाच्या आत राहायचं तर आतला ऑसिलेटर सरासरी ०.०१२ पीपीएमच्या आत हवा. साधा १ पीपीएमचा असेल तर दिवसाला ८६ मिलिसेकंद. घड्याळाने ठरलेल्या मर्यादेनंतर एनटीपीवर "मी जुळलेलो नाही" असं सांगायला हवं, पीटीपीवर क्लॉक क्लास (घड्याळाच्या दर्जाचा आकडा) ६ वरून ७ आणि मग त्याहूनही हलक्या दर्जावर नेला पाहिजे, रिलेत अलार्म आला पाहिजे, स्काडात (कंट्रोल सेंटरच्या देखरेखीच्या प्रणालीत) तो पोचला पाहिजे. त्यानंतर अँटेना न लावताच घड्याळ बंद करून चालू करा. आतल्या बॅटरीवरची वेळ घेऊन ते स्ट्रॅटम १ म्हणून मिरवू लागलं तर ते घड्याळ स्वीकारू नका.

फायबर_आणि_पॅकेट

फॉल्टच्या फाइली दुसऱ्यांना पाठवताना एक. कॉमट्रेड या फॉल्ट-नोंदींच्या फाइलींच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत सीएफजी फाइलच्या शेवटी टाइम कोडची ओळ असते, आपल्याकडे "+५एच३०". त्याच्या खाली वेळेच्या दर्जाचा कोड. १९९९ च्या आवृत्तीत दोन्ही नाहीत. मग वेळ भारतीय की यूटीसी हे फाइल सांगत नाही, पाठवणाऱ्याने पत्रात लिहायचं. दोन्ही टोकांच्या फाइली एकत्र उघडताना हे आधी बघितलं तर तासभर वाचतो.

तांब्याची_तार

जुन्या पाच रिलेंचं वर्ष हाताने तपासा. मूळ आयरिग-बीत वर्ष नसतं, फक्त वर्षातला कितवा दिवस. वर्ष नंतरच्या एक्स्टेन्शनमध्ये आलं, ते घड्याळाने पाठवायला आणि रिलेने वाचायला हवं. नाहीतर रिले आपल्या आतल्या बॅटरीवरचं वर्ष धरतो. बॅटरी गेलेली असेल तर ते भलतंच असतं आणि दहा महिने कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दिवस, तास, मिनिट सगळं बरोबर दिसतं. २०२८ मध्ये साठावा दिवस २९ फेब्रुवारी आहे. ज्या रिलेला ते वर्ष लीप आहे हे ठाऊक नसेल तो त्या दिवशी १ मार्च लिहील, आणि तिथून ३० डिसेंबरपर्यंत प्रत्येक नोंद एक दिवस पुढे.

एमयुएसएस_खानापूर

बॅटरीचा प्रकार आणि बदलल्याची तारीख रिलेवार यादीत घालतो. पुश बटनाच्या चाचणीचा कोरा तक्ता इथेच टाकतो. रकाने असे: फीडर, रिले, वेळेचा स्रोत, झोनचं सेटिंग, पोल इंटरव्हल (किती वेळाने वेळ विचारतो), डिबाउन्स, नोंदलेली वेळ, फरक. आणखी रकाना हवा असेल तर सांगा.

रिले_बेंच

फर्मवेअरची आवृत्ती. आणि तापमान लिहा, चाचणी दुपारी दोनला एकदा आणि पहाटे एकदा.